रांजणीचं क्रॉसिंग

१

सध्या माझ्याजवळ वेळच वेळ आहे आणि वाचायला काही नाही, म्हणून लिहिते आहे. कागद खाकी आहे, पुस्तकाला घातलेल्या कव्हराची आतली बाजू. पेन्सिल तांबडी, मास्तरणीची.

आधीच सांगून टाकते, मी मत्सरी बाई आहे. शेजारच्या द्वारकाबाईंची भाकरी माझ्या भाकरीपेक्षा जास्त फुगली तरी मला गोड लागत नाही. आमच्या शाळेतल्या पुष्पाबाईंनी पंचाहत्तर सालात साठ पुस्तकं वाचली आणि ते सगळ्या मास्तरांच्या कानावर जाईल अशा बेतानं मला सांगितलं. त्याच दिवशी मी ठरवलं, शहात्तरात शंभर. लोकांना मात्र सांगितलं की बाबांच्या नावानं वाचते आहे. तेही खोटं नव्हतं. बाबा त्याच डिसेंबरात गेले.

बाबा म्हणजे अप्पाराव, रेल्वेत गँगमन. परतूर ते पारडगाव हा रूळ त्यांनी हातोडा घेऊन आयुष्यभर पायी तुडवला. अक्षर एक येत नव्हतं. मी वाचून दाखवायची आणि ते ऐकायचे. मी घाई केली की म्हणायचे, "हळू वाच, बाई. घास पोटात उतरू दे." त्यांच्यामुळे मला दोन खुळं लागली, पुस्तकांचं आणि गाडीचं. शिट्टीवरून इंजिन ओळखणारी मास्तरीण आख्ख्या तालुक्यात मी एकटीच असेन.

घर परतूरला, शाळा जालन्याला. सकाळची पॅसेंजर आठ वीसला निघते. सव्वा तास जायला, सव्वा तास यायला, इंजिनापासून तिसरा डबा, डावीकडची खिडकी. माझे यजमान तातेराव परतूर स्टेशनात गाड्यांचे रूळ बदलणारे सांधेवाले आहेत. ते दर वर्षी म्हणायचे, "सकाळी जायाचं, दिवे लागल्यावर यायाचं. घर हाय का धरमशाळा? परतूरच्या बदलीचा अर्ज टाक की." आमची बेबीनंदा तेव्हा सात वर्षांची. तीही त्यांच्याच बाजूची.

मी अर्ज टाकला नाही. ते अडीच तास माझे होते, आणि मला ते कुणाला द्यायचे नव्हते.

वाटेत रांजणीला क्रॉसिंग होतं. लाइन एकेरी. पुढच्या टप्प्याची परवानगी म्हणून ड्रायव्हरला वेताच्या कड्यातून एक लोखंडी गोळा मिळतो, तो हाती आल्याशिवाय गाडी हलत नाही. जालन्याकडून येणारी पॅसेंजर आधी येऊन बाजूच्या रुळावर उभी असते. आमची मागून येते, तीन मिनिटं थांबते आणि तिच्याआधी निघून जाते. लहानपणी मला यात अन्याय वाटायचा. बाबा हसायचे. "आधी आली ती उभी ऱ्हाती, मागून आली ती म्होरं जाती. रेल्वेचा कायदाच हाय. आपून पुस्तकापाशी मागून आलो, बाई. घाबरू नको."

२

प्रत्येक पुस्तकाला मी खाकी कव्हर घालायची आणि त्यावर तांबड्या पेन्सिलीनं आकडा टाकायची. जुलै लागला तेव्हा एक्केचाळीस चालू होतं. मागे पडले होते, पण दिवाळीच्या सुट्टीत भरून काढणार होते.

एका सोमवारी आमची गाडी रांजणीला थांबली आणि मी सहज मान वर केली. समोरच्या गाडीची खिडकी बराबर माझ्या खिडकीसमोर होती. तिची लाकडी झडप अर्ध्यावर उतरवलेली. झडपेखालून एका बाईची मांडी, दोन हात आणि हातातलं पुस्तक दिसत होतं. पुस्तकाला खाकी कव्हर. कव्हरावर तांबडा आकडा, बेचाळीस.

मला भीती वगैरे काही वाटली नाही. माझा जळफळाट झाला. आपली युक्ती आपल्याच नाकासमोर कुणीतरी वापरतं आहे, आणि वर एका पुस्तकानं पुढे आहे! जालन्यात राहून परतूरला शिकवणारी कुणी मास्तरीण असणार. अशा बाया असतात, त्यात नवल काय? तिच्या बेचाळिसातल्या चारचं शेपूट माझ्या चारसारखं खाली वळलेलं होतं. पण तांबड्या पेन्सिली सगळ्या शाळांना सारख्याच येतात, चारही सारखा येत असेल.

आमची गाडी हलली. तिनं तेवढ्यात पान उलटलं, सावकाश, बोटाला थुंकी न लावता. मीही लावत नाही.

मग ती रोज दिसायला लागली. मी बेचाळीस घेतलं तर तिच्या हातात त्रेचाळीस. मी त्रेचाळीस संपवून चव्वेचाळीस उघडलं तर तिचं पंचेचाळीस. झडप कायम अर्ध्यावर. तोंड कधी दिसायचं नाही.

३

जालन्यात स्टेशनाच्या रस्त्यावर आमचं वाचनालय होतं. तिथल्या रामकिसनला मी विचारलं, "पुस्तकावर आकडे घालून नेणारी दुसरी कोण बाई आहे?"

"तुमी एकल्याच, बाई," रामकिसन म्हणाला. "अन् ते कव्हर काढून आणत जा. डिंक पानाला लागून राह्यला."

मी एका नावाड्याच्या गोष्टीचं पुस्तक मागितलं. ते माझ्या यादीत किती दिवसांचं होतं. त्यानं चष्मा वर केला.

"हे तर तुमी मंगळवारीच वापस केलं की."

मी त्याला चांगलं झाडलं. त्यानं नोंदवही माझ्याकडे फिरवली. पुस्तकाच्या नावापुढे माझ्या नावाची सही होती, सत्यशीला, आणि 'ला'च्या कान्यावर मी मारते तसली लांब रेघ.

मी सही पुन्हा पुन्हा पाहिली. मग सगळा उलगडा झाला. ती बाई वर्गणी न भरता माझ्या नावावर पुस्तकं नेत होती. रामकिसनची नजर गेलेली, त्याला खाकी कव्हर दिसलं की सत्यशीला दिसते. फुकटी मेली! मी तेच पुस्तक हट्टानं घेतलं आणि त्यावर सत्तेचाळीस टाकलं. आत डिंकाचा ताजा डाग होता.

४

नावाडी अर्ध्यावर आला होता. पुरात त्याची नाव लांब वाहून गेली आणि तो घराकडे चालत निघाला, इथवर मी वाचलं होतं. संध्याकाळी जेवताना बेबीनंदा म्हणाली, "आई, तो नावाडी घरी येतो तवा त्याची पोरगी त्याला वळखीतच न्हाई, हे खोटंय नं?"

माझा घास हातात राहिला. "तुला कुणी सांगितलं?"

"तूच."

"कवा?"

उत्तर तातेरावांनी दिलं, ताटावरची मान वर न करता. "दुपारी वाचून राह्यली व्हती की. मी जेवाया आल्तो तवा. मीबी वाईच ऐकलं."

दुपारी मी जालन्यात होते. तिसरीच्या वर्गात उण्यापुऱ्या वीस मुलांच्या कानीकपाळी एकोणतिसाचा पाढा ओरडत होते. तसं मी सांगितलं. तातेरावांनी माझ्याकडे पाहिलं, ताप आलेल्या माणसाकडे पाहतात तसं.

"दमली तू," ते म्हणाले. "जल्दी नीज."

भांडी तशीच टाकून मी उरलेली पानं वाचून काढली. नावाडी घरी आला. पोरगी दारात उभी होती. तिनं त्याला ओळखलं नाही.

आता सगळं जुळलं. ती बाई पावणेदहाला परतूरला उतरते. फलाटावर कोण असतं? माझा नवरा. मी दिवसभर कुठे असते? जालन्यात. माझी पुस्तकं ती आधी वाचते आणि माझ्या घरात बसून माझ्या मुलीला सांगते, आणि बापलेक मिळून मला म्हणतात, तूच! पुस्तकाचा मत्सर मी जन्मभर केला होता, पण हा वेगळा होता. हा छातीत बसला आणि उठेना.

५

सप्टेंबरात एके दिवशी मी नेहमीसारखी डबा घेऊन निघाले, पण गाडीत चढले नाही. तातेराव पार पलीकडे सांध्यावर होते. पार्सलच्या वजनकाट्यामागे पोत्यांची थप्पी होती, तिच्याआड जाऊन बसले. गाडी माझ्याशिवाय गेली. आपली गाडी आपल्याला सोडून जाताना बघायची ही आयुष्यातली पहिलीच वेळ, आणि मला फार वाईट वाटलं, गाडी गेल्याचं.

पावणेदहाला जालन्याकडची आली. मी एकेक बाई निरखली. दोन लमाणी बाया उतरल्या, एक कोंबडी घेतलेली म्हातारी, एक नवी नवरी. खाकी कव्हरवाली कुणी नाही. तिसरा डबा माझ्या समोरच थांबला होता. त्यातली एक खिडकी, झडप अर्ध्यावर, आणि आत रिकामं बाक.

म्हणजे ती आज आलीच नव्हती. मी सुटकेनं वळले, तर समोर तातेराव, खांद्यावर वेताचं कडं.

मला वाटलं, आता हे दचकतील. विचारतील, शाळा नाही का, इथे का लपलीस. ते हसले. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी हसायचे तसे.

"आली व्हय? जा, चहा टाक. गाडी काढून दिली का आलोच मी." मग माझ्या हातांकडे पाहून म्हणाले, "अन् पुस्तक कुठंय आज?"

"मी साळंत गेले न्हाई, हे इचारीत न्हाई तुम्ही?"

"रोज ह्याच गाडीनं येती. आज नवं काय इचारायचं?"

आणि ते गाडीकडे निघून गेले.

मग मला चीड आली. पकडला गेलेला माणूस असाच गोड बोलतो! काय नाटक, काय हसणं. घरी जाऊन मी चहा टाकला नाही. पण खुंटीवर माझं दुसरं हिरव्या काठाचं लुगडं घडी मोडून टांगलेलं होतं, नेसून सोडल्यासारखं चुरगळलेलं. ते मी त्या आठवड्यात नेसले नव्हते. बेबीनंदानं खेळायला काढलं असेल.

६

तिला घरातून कसं काढावं ते मला कळेना. पुस्तकात गाठणं मात्र माझ्या हातात होतं. शंभर मी आधी करणार. मग तिच्या खिडकीसमोर ते धरणार, आणि तिची झडप काय वर होईल ती होईल.

मी वाचायला लागले म्हणजे सुटलेच. चुलीपुढे वाचलं, भाकऱ्या करपल्या. शाळेत पोरांना शुद्धलेखन घालून टेबलाखाली वाचलं. दोन पानं सोडून तिसरं वाचायचं, कळलं तर कळलं. पुढे बत्तीस पानांची पोरांची पुस्तकं आणायला लागले. नोंद करताना रामकिसनच्या मिशीखाली हसू दिसलं. बेबीनंदा पुस्तक घेऊन मांडीवर यायची, तिला खाली ठेवायची मी. मोठ्यानं वाचायला दुप्पट वेळ लागतो.

तातेराव एकदा म्हणालेच, "दुपारी किती ग्वाड बोलती पोरीसंगं, अन् दिवे लागले का अंगावर येती. तुझं मला काय बी समजून न्हाई राह्यलं."

दुपारची ती आणि संध्याकाळची मी! जेवण टाकून उठले मी.

शाळेत पुष्पाबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "सत्यशीलाबाई, नव्वदावं कशावर होतं हो?" पानं चौसष्ट होती, एवढंच मला आठवलं. एक्याण्णवाचंही तसंच. पुष्पाबाईंनी पदर तोंडाला लावला. पण साठवाल्या बाईच्या हसण्याला मी काय भीक घालणार?

डिसेंबराच्या शेवटच्या आठवड्यात मी तिला गाठलं. तिच्या हातात नव्व्याण्णव, माझ्याही हातात नव्व्याण्णव. दुसऱ्या दिवशी तिचं नव्व्याण्णवच. तिसऱ्याही दिवशी. झडपेखालचं पान फार हळू उलटायचं, कधी उलटायचंही नाही. बोट ओळीवर ठेवून ती थांबलेली असायची. थकली, मी म्हटलं. मेली थकली एकदाची.

७

एकतीस तारखेला सकाळी बेबीनंदा दारात आडवी आली. "आई, आज तरी वाच नं."

"संध्याकाळी," मी म्हटलं आणि तिला बाजूला करून निघाले.

शंभरावं पुस्तक छोटंच होतं. पारडगाव गेलं तेव्हा सात पानं उरली होती. रांजणी जवळ आली आणि सांध्यावर चाकं वाजली, पण नेहमीसारखी सरळ वाजली नाहीत. डबा डावीकडे कलला आणि आवाज लांबला. गँगमनच्या पोरीला हे सांगावं लागत नाही. आज आमची गाडी आधी आली होती आणि बाजूच्या रुळावर चालली होती.

मला काय आनंद झाला! इथेही मीच पहिली. गाडी थांबली आणि मी शेवटची ओळ संपवली. शंभर. वर्ष संपायला आख्खा दिवस शिल्लक.

आज ती उजवीकडून येणार होती. म्हणून वर्षभर न सोडलेली माझी खिडकी मी सोडली आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसले. गजांना टेकवून पुस्तक उभं धरलं, आकडा बाहेर.

समोरची आली. डबे पुढे सरकत गेले आणि ती खिडकी माझ्यासमोर येऊन थांबली. झडप पूर्ण वर होती.

मांडीवर पुस्तक मिटलेलं. नव्व्याण्णव. पानांत खुणेला बोट. हिरव्या काठाचं लुगडं, खांद्याजवळ मी घातलेला रफू, उलटा पडलेला एक टाका होता तोही. ती पिशवी आवरत होती. स्टेशन जवळ आलं की मी डोक्यावरून पदर सारखा करते, तसा तिनं केला. तोंड मी नीट पाहिलं नाही. पाहिलं असं म्हणायला मी तयार नाही. पण तिनं माझ्याकडे पाहिलं, ते खरं. आधी आकड्याकडे, मग माझ्याकडे. त्या नजरेत मत्सर बिलकुल नव्हता. तेवढ्यावरून मी अजूनही स्वतःला सांगते की ती मी नव्हे.

गार्डानं हिरवं निशाण दाखवलं आणि तिची गाडी परतूरकडे निघून गेली. मागून आलेली होती ती.

आता आमची सुटेल म्हणून मी माझ्या खिडकीशी परत आले. डब्यात मघाशी माणसं होती. चहाला उतरली असतील. इंजिनाचा आवाज येत नाही, पाणी घेत असेल. रांजणीचा सांधेवाला रखमाजी खालून कडं घेऊन चालला होता. बाबांच्या ओळखीचा माणूस. मी विचारलं, "रखमाजी, गोळा आला का?"

"न्हाई आला, बाई." तो थांबला नाही. "आधी आली ती उभी ऱ्हाती."

"किती वेळ?"

त्यानं वर पाहिलं. मला ओळखल्याचं काही त्याच्या तोंडावर दिसलं नाही.

ऊन खिडकीच्या दुसऱ्या गजावर होतं, अजून दुसऱ्याच गजावर आहे. शंभरावं पुस्तक मी पुन्हा उघडून पाहिलं. त्यात काय होतं ते मला आठवत नाही, आणि वाचायला घेतलं की ओळी संपलेल्याच असतात. मग कव्हर काढलं आणि हे लिहायला बसले. तांबडी पेन्सिल आता बोटभर उरली आहे.

परतूरला पावणेदहा वाजले असतील. तातेराव म्हणाले असतील, आली व्हय. बेबीनंदा मांडीवर बसली असेल आणि ती वाचत असेल, हळू, घास पोटात उतरू देत. तिला कसली घाई आहे? तिचं अजून एक पुस्तक बाकी आहे.